कंपनीचा मेल सर्व्हर : कपाटातला की भाड्याचा?

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत कंपनीच्या ईमेलचा विषय निघाला की सगळी चर्चा एका पेटीभोवती फिरते. सर्व्हर ऑफिसात ठेवायचा की बाहेरच्या कंपनीकडून सेवा घ्यायची? मालकांना पेटी डोळ्यांसमोर हवी असते, अकाउंट्सवाल्यांना दरमहा माणशी पैसे मोजायचे नसतात. ज्याचं सगळं काम या मेलवर चालतं तो मार्केटिंगचा माणूस नेमका राजकोटला किंवा कोइमतूरला असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या बाजूने पाहिलं की या विषयातले बरेच पक्के समज ढिले पडतात.

‘सर्व्हर आपला, म्हणजे मेल आपल्या ताब्यात.’

ताबा पेटीत नसतो, डोमेनमध्ये असतो. ‘@’च्या पुढचं नाव कंपनीचं असेल, तर त्या नावाचा मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचा हे डोमेनच्या एमएक्स नोंदीत लिहिलेलं असतं. नोंद बदलली की मेल दुसरीकडे जायला लागतो, पत्ता तोच राहतो. केंद्र सरकारची सुमारे १२ लाख मेल खाती झोहो या कंपनीच्या यंत्रणेवर गेली, तरी पत्ते ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’चेच राहिले.

याची दुसरी बाजू खुद्द झोहोनेच अनुभवली आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये फिशिंगच्या तक्रारींवरून अमेरिकेतल्या रजिस्ट्रारने त्यांचं मुख्य डोमेनच बंद केलं. सर्व्हर धडधाकट होते, पण नाव गेल्यामुळे ग्राहकांना ते सापडेनात. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ आली. आपल्याकडे तर डोमेन बऱ्याचदा वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर असतं, नूतनीकरणाची सूचना त्याच्या खासगी मेलवर जाते, आणि तो मधेच पुण्याला नोकरीला लागलेला असतो. सर्व्हरवर वाद घालण्याआधी डोमेन कंपनीच्या नावावर आहे का, एवढं तरी पाहून घ्यावं.

‘मेल येतो पण जात नाही, हॉटेलचं इंटरनेटच भिकार.’

इंटरनेट बहुधा ठीक असतं. जुन्या सेटिंगमध्ये मेल २५ क्रमांकाच्या पोर्टवरून पाठवला जातो. हे पोर्ट एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे, आणि स्पॅम रोखण्यासाठी अनेक हॉटेलं आणि इंटरनेट कंपन्या ते बंद ठेवतात. माणसाने पासवर्ड देऊन मेल पाठवायचा तर त्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट आहे. ही वेगळी वाट १९९८ पासून ठरलेली आहे, तरी आजही काही लॅपटॉपवर २५ दिसतो.

याच्याच जोडीची तक्रार म्हणजे लॅपटॉपवर दिसलेला मेल मोबाइलवर नसतो. तिथे सहसा पॉप वापरलेलं असतं. ते मेल लॅपटॉपवर उतरवून घेतं आणि सर्व्हरवरून पुसतं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, त्यामुळे लॅपटॉप गाडीत विसरला तरी पत्रव्यवहार शाबूत असतो. दोन्ही दोष सेटिंगचे आहेत. सर्व्हर कुठेही असला तरी ते तसेच राहतील.

‘स्वतःचा सर्व्हर फुकटात पडतो.’

पोस्टफिक्स, डव्हकॉट ही मेल सर्व्हरची सॉफ्टवेअर खरोखर मोफत आहेत आणि उत्तम आहेत. मेल घेणंही सोपं आहे. अवघड आहे ते आपण पाठवलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पोचवणं. त्यासाठी स्थिर आयपी पत्ता लागतो, त्या पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद इंटरनेट कंपनीकडून करून घ्यावी लागते, शिवाय डोमेनवर मेल खरोखर आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने याबाबतचे नियम कडक केले. जीमेलवर रोज ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या झाल्या, आणि लहान प्रेषकांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी लागतेच.

एवढं करूनही एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला आणि त्याच्या खात्यातून रात्रभर स्पॅम सुटला, तर सकाळी सगळ्या कंपनीचा आयपी काळ्या यादीत दिसतो. मग गिऱ्हाईक म्हणतं कोटेशन आलंच नाही, आपला माणूस म्हणतो परवाच पाठवलं, आणि दोघंही खरं बोलत असतात. हा घोळ निस्तरणाऱ्या माणसाचा पगार ‘फुकट’ या हिशेबात कधी धरलेला नसतो.

‘मोठ्या कंपन्यांची सेवा बंद पडत नाही.’

पडते. १४ डिसेंबर २०२० रोजी गुगलची लॉगिनची यंत्रणा कोलमडली आणि जीमेलसकट बहुतेक सेवा पाऊण तास ठप्प झाल्या. पण सर्व्हर बंद म्हणजे मेल बुडाला, हेही चूकच. पलीकडचा सर्व्हर मेल धरून ठेवतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावा असं प्रमाणित नियमच सांगतात. त्यामुळे कारखान्याची लाइट दिवसभर गेली तरी येणारे मेल मागाहून येतात. अडतो तो बाहेरगावचा माणूस. गिऱ्हाइकासमोर बसून त्याला गेल्या महिन्यातलं ड्रॉइंग उघडायचं असतं.

सुरक्षिततेचं गणितही असंच दुहेरी आहे. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरमधल्या त्रुटींतून जगभरचे हजारो स्वतः चालवलेले सर्व्हर फोडले गेले. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेत त्या त्रुटी नव्हत्या. दोन वर्षांनी हल्लेखोरांनी चोरलेल्या किल्लीच्या जोरावर त्याच ऑनलाइन सेवेतले सुमारे २५ संस्थांचे मेल वाचले, त्यांत अमेरिकी सरकारी खातीही होती. तरी छोट्या कारखान्यासाठी माझा कौल भाड्याच्या सेवेला आहे. त्रुटी जाहीर झाली त्याच रात्री दुरुस्ती बसवणारा माणूस तिथे असतो, आपल्याकडे सहसा नसतो. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ते अजून कपाटात चालू असतील तर वाट कशाची बघायची?

‘ओटीपी लावला की झालं.’

लावायलाच हवा, पण एसएमएसवरचा ओटीपी परदेशात दगा देतो. रोमिंग नसेल किंवा तिथलं सिम घातलं असेल, तर ओटीपी येत नाही आणि नव्या देशातून लॉगिन दिसल्यामुळे सेवा तोच मागते. ऑथेंटिकेटर ॲप नेटवर्कशिवायही आकडे देतं. गुगल दहा बॅकअप कोडही देतं. ते छापून पासपोर्टपासून वेगळे ठेवावेत.

चीनची गोष्ट निराळी. ग्वांगझौच्या कँटन फेअरला जाणाऱ्यांना तिथल्या वायफायवर जीमेल उघडत नाही. २०१४ च्या अखेरीस मेल ॲपमधून वाचण्याची उरलेली वाटही बंद झाली. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बहुधा चालतं, कारण तो डेटा आपल्या देशातल्या नेटवर्कमधून फिरून जातो. स्वतःचा सर्व्हर तिथून दिसेलही, पण त्याची हमी नाही. माणसं वर्षातून बरेच महिने तिथेच असतील, तर मात्र हा मुद्दा निवडीत वजन टाकतो.

बॅकअपबद्दलचा समज थोडक्यात: सेवा भाड्याने घेतली म्हणजे बॅकअप मिळाला असं होत नाही. गुगल वर्कस्पेसमध्ये कचऱ्यात टाकलेला मेल ३० दिवसांनी जातो, त्यानंतर ॲडमिन २५ दिवसांपर्यंत तो परत आणू शकतो. नोकरी सोडणाऱ्या सेल्समनने गिऱ्हाइकांचे मेल पुसले आणि ते तीन महिन्यांनी लक्षात आलं, तर वेगळी प्रत नसताना हाती काही लागत नाही.

स्वतःचा सर्व्हर चालवायचाच असेल तर कायदाही बघावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. हे काम नेमकं कोणाचं, हे पेटी विकत घेण्याआधी नावानिशी लिहून ठेवावं. आणि ते नाव रजेवर गेलं तर कोण, हेही.