बहात्तरचं साल सांगणारी माणसं

दिवस कलला, जनावरं गोठ्यात आली, की गावच्या पारावर म्हाताऱ्या माणसांची बैठक भरते. कुणाच्या हातात चंची, कुणाच्या मांडीवर नातू, कुणी नुसतंच काठीवर हनुवटी टेकून बसलेलं. आधी आजचं बोलणं होतं. कांद्याला भाव काय निघाला, कुणाची म्हैस व्याली, कुणाची मोटार जळाली. मग बोलता बोलता कुणीतरी म्हणतं, "हे काहीच न्हाई, बहात्तर साली बघायचं होतंस!" आणि पुढचा तासभर बहात्तर साल निघतं. शेजारून जाणारी तरणी पोरं हसतात. "झालं, आबांची जुनी रेकॉर्ड लागली," म्हणतात आणि मोबाईलमध्ये डोकं घालतात.

वाचकहो, ही जुनी रेकॉर्ड एकदा नीट ऐका आणि वहीत उतरून ठेवा, एवढंच सांगायला हा लेख लिहिला आहे. १९७२ साली जो पोरगा अठरा वर्षांचा होता आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता, तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. तेव्हा घर चालवणारी, दाण्यादाण्याचा हिशेब ठेवणारी माणसं तर तिशी-चाळिशीची होती. त्यांतली आपल्या गावात किती उरली आहेत, ते बोटांवर मोजून पाहा.

सालं ओळखायची गावची रीत

आपल्याकडच्या जुन्या माणसांना जन्मतारीख विचारली तर ती हसतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहून टाकली, म्हणून गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! पण त्यांना साल कळत नाही असं समजू नका. त्यांची मोजायची रीत वेगळी आहे. "कोयनेचा भूकंप झाला तवा थोरली पाळण्यात व्हती," असं आजी म्हणते. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. थोरलीचं वय तिथंच निघालं. "पानशेत फुटलं त्या साली आमचं लगीन," असं आजोबा म्हणतात. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. लातूर-धाराशिवकडची माणसं किल्लारीच्या भूकंपावरून सांगतात, तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. "नवे पैसे आले तवा" म्हटलं, की १ एप्रिल १९५७. तोवर रुपयाचे सोळा आणे होते. म्हणून तर आजही पंचवीस पैशांना आजीच्या तोंडी चार आणेच येतात.

त्यांच्याही आधीचं काही आजी-पणजीकडून ऐकलेलं असतं. १९१८ ची ती मोठी तापाची साथ, जिला आपल्या माणसांनी 'मानमोडी' नाव दिलं, तिच्या गोष्टी कित्येक घरांत होत्या. प्लेगात गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहिल्याचं सांगणारेही होते. २०२० साली करोना आला आणि गावाच्या वेशी बंद झाल्या, तेव्हा अनेक म्हाताऱ्या म्हणाल्या, "आमची आजी असंच सांगायची." ज्यांनी ते आधी ऐकलं होतं, त्यांना ही गोष्ट अगदीच नवी वाटली नाही.

तेव्हा दाणा नव्हता, आता पाणी नाही

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल सोलापूर, बीड, अहिल्यानगर, सांगलीकडच्या कुठल्याही पारावर बसा, एक वाक्य हमखास ऐकू येईल. "तवा पानी व्हतं पर दाना नव्हता. आता दाना हाय पर पानी न्हाई." ही गंमत नव्हे. यात साऱ्या पन्नास वर्षांचा हिशेब आहे.

आधीची दोन सालं पावसानं हात आखडला होता. १९७२ ला तर तो फिरकलाच नाही म्हणा. ज्वारी-बाजरी जागेवर करपली. कणग्या रिकाम्या झाल्या. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, शेतातली ताल. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. ज्यांच्या घरी चार बैल होते, तेही हातोडा घेऊन खडीवर बसले. कामावर सुकडी वाटली जायची. रेशनला परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिच्या भाकरीचं वर्णन विचारलंत तर आजही आजीचं तोंड वाकडं होतं. पण पुढं ती हेही सांगते, "तिनंच जगवलं बाबा."

याच कामांतून रोजगार हमी योजनेला आकार आला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि वि. स. पागे यांनी ही कल्पना धरून लावली होती. योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. म्हणजे आपल्या आजीनं डोक्यावर वाहिलेल्या पाटीची नोंद देशाच्या कायद्यात झाली आहे. हे तिला कुणी सांगितलंय का?

आता दुसरी बाजू बघा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून आगगाडीनं आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या वेळी बाजारात गहू, तांदूळ, ज्वारी सगळं होतं, फक्त नळाला पाणी नव्हतं. पन्नास वर्षांच्या आतच दुष्काळानं आपलं रूप असं बदललं.

मोट आणि मोटार

हे कसं झालं, तेही पारावरच कळतं. तात्यांना मोटेबद्दल विचारा. चामड्याची मोट, जाड नाडा, बारीक सोंदूर, बैलांची उताराची धाव, आणि पहाटे चांदणी असताना सुरू होणारी मोटकऱ्याची गाणी. बैल दमले की मोट थांबायची. दुपारी मोट सोडायची, तेवढ्यात विहिरीला झरा भरून यायचा. म्हणजे विहिरीतून किती पाणी काढायचं, त्याला बैलाच्या दमाची हद्द होती.

इंजिन आलं, मग विजेची मोटार आली. कष्ट वाचले, बागायत वाढली, पोरं शिकली. हे चांगलंच झालं. मोटेमागं जन्म घालवलेला माणूस मोट परत आणा असं कधी म्हणणार नाही. पण मोटार दमत नाही, तिची हद्द आपणच घालायला हवी होती, ती घातली नाही. विहीर आटली की बोअर घेतलं, बोअर आटलं की आणखी खोल गेलो. भर उन्हाळ्यात ऊस उभा ठेवला. तात्या सांगतात, "बहात्तरला आपल्या हिरीला दोन परस पानी व्हतं." आज त्याच विहिरीत फेब्रुवारीत तळ दिसत असेल, तर त्या एका वाक्याची किंमत काय आहे ते ध्यानात घ्या. ही नोंद कुठल्याही कचेरीच्या दप्तरात सापडायची नाही. ती फक्त तात्यांच्या डोक्यात आहे.

ओसरीवरही जा

पारावर बहुतेक पुरुषच बसतात. बायकांची बैठक ओसरीवर, अंगणात, गहू निवडताना भरते. तिथलं बोलणं ऐकाल तर निराळाच दुष्काळ कळेल. एका पायलीत घरची किती तोंडं किती दिवस जेवली, पाल्यात कोणती रानभाजी चालते आणि कोणती बाधते, लहान पोराला कामावर कुठं निजवलं, कुठला दागिना कुणाकडं मोडला, हे बायांनाच ठाऊक. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं त्यांच्या हाताच्या मुठीत बसलेली आहेत. बियाणं राखेत कसं ठेवायचं, कुठल्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची, हेही त्याच सांगतील. हायब्रीड आल्यावर दाणा वाढला, पोटं भरली. पण कडब्याला आणि चवीला काय झालं, ते जनावरं आणि बाया यांनाच आधी कळलं.

आणि एक. जुन्या पारावर गावातल्या सगळ्यांना जागा नव्हती. पाणवठे वेगळे होते. म्हणून गावाची आठवण पारावरच संपते असं मानू नका. त्या काळी ज्यांना पाण्यासाठी ताटकळत उभं राहावं लागलं, त्यांच्या वस्तीवरही जा. "जुनं ते सगळं सोनं" म्हणणाऱ्याला तिथं वेगळं ऐकायला मिळेल, आणि तेही तितकंच खरं आहे.

ऐकलेलं पारखून घ्या

म्हाताऱ्या माणसाची आठवण मोलाची, पण ती कधी कधी दोन सालं एकत्र करते. काँग्रेस गवताचंच घ्या. "ते बहात्तरला मिलोबरोबर आलं," असं पुष्कळजण सांगतात. परदेशी धान्यातून ते आलं हे सर्वसाधारणपणे मानलं जातं. पण पुण्याच्या परिसरात त्याची नोंद १९५० च्या दशकातच झालेली आहे. आपल्या शिवारात ते बहात्तरच्या सुमारास दिसलं असेल, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून एकच गोष्ट दोघा-तिघांना विचारावी. जमिनीची बाब असेल तर जुना सातबारा आणि फेरफार काढून ताडून पाहावा. मात्र भर बैठकीत "आबा, तुमचं चुकलं" म्हणू नये. माणूस एकदा गप्प झाला की पुन्हा बोलता होत नाही.

काय विचाराल?

"पूर्वी कसं होतं?" असं विचारलं तर "लई चांगलं होतं" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा:

आपली विहीर कुणी खणली, कितव्या परसाला पाणी लागलं, आणि बहात्तरला ते कुठवर होतं?

ओढ्याला आजवरचा सर्वांत मोठा पूर कधी आला आणि पाणी कुठल्या दगडापर्यंत चढलं? (घर बांधायच्या आधी हे विचारलेलं बरं.)

कोणते झरे, बारव, आड बुजले? नेमके कुठं होते?

कुठल्या वावरात काय पिकायचं, आणि त्या पट्टीला नाव काय होतं?

मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा या पावसांचा पेरणीशी काय हिशेब होता, आणि तो कधीपासून चुकायला लागला?

दुष्काळी कामावर आपल्या घरातलं कोण कुठं होतं? तो तलाव, तो रस्ता आज आहे का?

शंभर पानी वही पुरे. पहिल्या पानावर सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि आजची तारीख घाला. त्यांच्याच बोलीत लिहा, शुद्ध करत बसू नका. मोबाईल हातात आहेच, तर आवाजही भरून ठेवा. चालता येत असेल तर आजोबांना एकदा बांधावर न्या. माणसाला घरात जे आठवत नाही, ते वावरात उभं राहिलं की आठवतं.

उद्यावर टाकू नका. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही अर्धा तास बंद करा, आजीच्या खाटेशी बसा आणि पहिला प्रश्न विहिरीचा विचारा.