समुद्रशैवालाचे बेणे

शेतीच्या व्यवहारात ‘बी’ आणि ‘बेणे’ हे भिन्न शब्द आहेत. ज्वारीचे बी वाळवून कणगीत ठेवता येते. उसाचे बेणे मात्र जिवंत व ताजेच लावावे लागते. भारतात प्रामुख्याने लावले जाणारे कॅपाफायकस हे समुद्रशैवाल बियांपासून नव्हे, तर फांद्यांच्या तुकड्यांपासून वाढवितात. म्हणून त्याच्या लागवडसामग्रीस ‘बियाणे’ म्हणण्यापेक्षा ‘बेणे’ म्हणणे यथार्थ होय. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे कोकणातील लागवडीची मुख्य अडचण उलगडते.

मूळच्या फिलिपाईन्सकडील या शैवालावर भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने प्रयोग केले. पुढे 2000 नंतर तमिळनाडूत मंडपमच्या परिसरात त्याची व्यापारी लागवड रुजली. बांबूच्या बारा फूट चौरस तराफ्यावर सुमारे 60 किलो बेणे दोऱ्यांना बांधतात; साधारणतः 45 दिवसांनी कापणी होते. उत्पन्नाचा काही भाग बेणे म्हणून पुन्हा बांधावयाचा व उरलेला वाळवून विकावयाचा, असा हा क्रम असतो. वाळलेल्या मालातून निघणारे कॅरागीनन आइस्क्रीम, टूथपेस्ट इत्यादींत दाटपणासाठी वापरतात. किनाऱ्यावरील अनेक स्त्रियांच्या बचत गटांना या लागवडीने मिळकत दिली आहे.

कोकणात मात्र हा क्रम पावसाळ्यात खंडित होतो. जून ते सप्टेंबर या काळात खुल्या समुद्रात तराफा लाटांपुढे टिकत नाही. खाडीत आणावा, तर पुराच्या गोड्या पाण्याने क्षारता घटून शैवाल मरते. मग दरवर्षी बेणे दुरून आणणे भाग पडते. त्यातच एकाच वाणाचे तुकडे वर्षानुवर्षे लावल्याने बेणे दुर्बळ होते व पाणी तापले असता रोगास लवकर बळी पडते. 2013 नंतर तमिळनाडूतही अशा मरीमुळे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले.

यावरील उपायाचा दाखला ऊसशेतीतच आहे. मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा तीन पायऱ्यांचे बेणेमळे उसासाठी राखले जातात. शैवालाचे ऊतिसंवर्धित बेणे भावनगरच्या संस्थेने विकसित केले आहे. त्यापुढील पायऱ्या किनाऱ्यावरच हव्यात: पाचसहा गावांमिळून समुद्राच्या पाण्याची आच्छादित टाकी, आणि पावसाळाभर बेणे जगविणारी प्रशिक्षित माणसे. अशा लागवडीचे यश तराफ्यांच्या संख्येवरून मोजणे पुरेसे नाही. ऑक्टोबरात गावापाशी किती बेणे जिवंत आहे, हाच तिचा खरा मापदंड होय.