उपस्थाता कोणाच्या स्वाधीन?

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी. यांपैकी उपस्थाता, म्हणजेच परिचारक, निराळ्या यंत्रणेच्या स्वाधीन झाला तर काय होते, हे इंग्लंडच्या अनुभवावरून कळते.

तेथे १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होऊन रुग्णालयातील उपचार मोफत झाले. वृद्ध व अपंगांची शुश्रूषा मात्र स्थानिक परिषदांकडे राहिली आणि तिचा खर्च रुग्णाची ऐपत पाहून आकारला जातो. परिणामी, अस्थिभग्न सांधला गेलेला वृद्धही घरी परिचारकाची सोय होईपर्यंत रुग्णालयातच अडकतो. अंथरुणावर त्याचे बल व मांस क्षीण होत जाते.

ही दरी सांधण्यासाठी २०१५ मध्ये दोन्ही यंत्रणांचा निधी एकत्र करणारी ‘बेटर केअर फंड’ योजना आली. १ जुलै २०२२ रोजी ४२ एकात्मिक सेवा मंडळे स्थापन होऊन त्यांत परिषदांनाही स्थान मिळाले. तरीही प्रश्न पूर्णतः सुटलेला नाही.

आपल्याकडे हा भार बहुधा कुटुंब वाहते, म्हणून तो व्यवस्थापत्रात दिसत नाही. वैद्यांनी व औषधालयचालकांनी वृद्ध रुग्णास औषध देताना एवढे अवश्य विचारावे : घरी पथ्य सांभाळणारे कोण आहे?