विश्लेषण : '३०६०'मध्ये १२ जीबी, '४०६०'मध्ये ८ जीबी, तरी नवे ग्राफिक्स कार्ड वेगवान कसे?

अभियांत्रिकी, ॲनिमेशन किंवा आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, की घरात संगणकाचा विषय निघतो. दुकानदाराने लिहून दिलेल्या कोटेशनमध्ये सर्वांत महागडी ओळ बहुधा ग्राफिक्स कार्डची असते. एनव्हिडियाचे 'आरटीएक्स ५०६०' २०२५ च्या मे महिन्यात आले. पण बजेट बेताचे असेल, त्यातही सेकंडहँड कार्ड चालणार असेल, तर गाडी अजूनही 'आरटीएक्स ३०६०' आणि 'आरटीएक्स ४०६०' या दोन नावांपाशी अडते. गंमत अशी की, कागदावरचे बरेच आकडे जुन्या कार्डाचे मोठे आहेत आणि तरीही बहुतेक गेममध्ये नवे कार्ड पुढे पळते.

कागदावर काय दिसते?

'३०६०' फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरना आले, '४०६०' जून २०२३ मध्ये २९९ डॉलरना. जुन्यात ३,५८४ कोअर, नव्यात ३,०७२. मेमरी जुन्यात १२ जीबी, नव्यात ८. मेमरीपर्यंत जाणारा रस्ता, म्हणजे बस, जुन्यात १९२ बिट रुंद, नव्यात १२८. नव्या कार्डाची मेमरी वेगवान आहे (१५ ऐवजी १७ गिगाबिट), पण रस्ताच अरुंद असल्याने सेकंदाला ३६० जीबीऐवजी २७२ जीबी माहितीच ये-जा करू शकते. एवढेच वाचले, तर नवे कार्ड कोण घेईल?

मग '४०६०' पुढे का?

पहिले कारण साधे आहे. कोअर कमी असले, तरी ते जास्त वेगाने चालतात. '३०६०'चा बूस्ट क्लॉक १.७८ गिगाहर्ट्‌झ, '४०६०'चा २.४६. कोअरची संख्या आणि हा वेग यांचा गुणाकार करून पाहा : नवे कार्ड सुमारे १८ टक्क्यांनी वरचढ ठरते. दोन्हींची अंतर्गत रचना वेगळी असल्याने हा हिशेब ढोबळच. पण खुद्द कंपनीचा १०८०पी गेमसाठीचा दावाही २० टक्क्यांच्या आसपासचाच होता. दोन वर्षांहून अधिक काळाने आलेल्या कार्डासाठी ही वाढ फार नाही, हेही खरे.

दुसरे कारण कॅशचे. फोडणी देताना आपण मोहरी-जिऱ्यासाठी कोठीच्या खोलीत जात नाही. मिसळणाचा डबा ओट्यावरच असतो. चिपच्या आतली 'एल २ कॅश' म्हणजे हा डबा आणि १२ किंवा ८ जीबी मेमरी म्हणजे कोठी. '३०६०'चा डबा ३ एमबीचा होता, '४०६०'चा २४ एमबीचा आहे. कोठीकडे फेऱ्याच कमी होत असल्याने अरुंद रस्ता एरवी फारसा जाणवत नाही.

ही बचत कुठे संपते?

सामान कोठीतच मावेनासे झाले, की. गेममध्ये टेक्स्चरची पातळी 'अल्ट्रा'वर नेली, रे ट्रेसिंग सुरू केले किंवा १४४०पी मॉनिटर जोडला, तर काही नवे गेम ८ जीबीच्या पुढे जातात. मग कार्डाला संगणकाच्या रॅमकडे धाव घ्यावी लागते, म्हणजे थेट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. सरासरी एफपीएस बरा दिसतो, पण खेळताना मध्येच आचके बसतात. काही गेम आचके देण्याऐवजी गुपचूप धूसर टेक्स्चर दाखवतात.

जुना मदरबोर्ड असलेल्यांनी इथे थोडे थांबावे. '४०६०' मदरबोर्डशी आठच लेनने बोलते, '३०६०' सोळा. पीसीआयई ४.० मदरबोर्डवर त्याने विशेष बिघडत नाही. पीसीआयई ३.० असेल, तर दुकानाकडे जाणारा रस्ता निम्मा होतो आणि मेमरी भरली असता फटका जास्त बसतो.

मुळात स्वस्त '३०६०'ला १२ जीबी मिळाली कशी, जेव्हा तिच्याहून वेगवान '३०६० टीआय'लाही ८ जीबीच होती? कारण औदार्य नव्हे, अंकगणित. प्रत्येक मेमरी चिपला ३२ बिटचा रस्ता लागतो. १९२ बिटवर सहा चिप बसतात. त्या १ जीबीच्या घेतल्या तर ६ जीबी, २ जीबीच्या घेतल्या तर १२. सहा फारच कमी पडली असती. '४०६०'च्या १२८ बिटवर चारच चिप बसतात, म्हणून ८.

हेच ४ जीबी काही कामांत निर्णायक ठरतात. ब्लेंडरमध्ये जड दृश्य रेंडर करताना किंवा घरच्या संगणकावर एआय मॉडेल चालवताना 'थोडे हळू' आणि 'चालतच नाही' यांतला फरक मेमरी ठरवते. सात-आठ अब्ज पॅरामीटरचे भाषा-मॉडेल ४ बिटमध्ये आवळले, तर दोन्ही कार्डांत बसते. १३ अब्जांचे मात्र ८ जीबीत पुरते मावत नाही, १२ जीबीत मावते. अशी कामे करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ नवे म्हणून '४०६०' घेणे मला तरी पटत नाही. फक्त १०८०पी गेम खेळायचे असतील, तर उत्तर उलटे.

जाहिरातीतील दुप्पट वेगाचे काय?

'४०६०'च्या जाहिरातीतले उंच स्तंभ बहुतेक वेळा 'फ्रेम जनरेशन' सुरू ठेवून काढलेले असतात. यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड स्वतः एक फ्रेम तयार करून घालते. '३०६०'मध्ये एनव्हिडियाची ही सोय नाही. चित्र गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. शिवाय या सोयीलाही थोडी मेमरी लागतेच.

विजेत मात्र नवे कार्ड निर्विवाद सरस आहे. '३०६०'ची मर्यादा १७० वॉट, '४०६०'ची ११५. रोज चार तास पूर्ण भाराने चालवले, तर वर्षाला सुमारे ८० युनिटचा फरक पडतो. उष्णताही कमी, पंख्याचा आवाजही कमी.

जुने '३०६०' घेताना काय पाहावे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये याच नावाचे ८ जीबीचे कार्ड निघाले. कोअर तेवढेच, पण बस १२८ बिट आणि मेमरीचा वेग ३६० वरून थेट २४० जीबी. म्हणजे जुन्याचा फायदा गेला आणि नव्याची मोठी कॅशही नाही. विक्रेता नुसते 'आरटीएक्स ३०६०' म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी कार्ड संगणकात लावून 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर उघडायला सांगा. मेमरी १२,२८८ एमबी आणि बस १९२ बिट दिसली, तरच ते मूळ कार्ड.