प्रयोगशाळेचा कारभारी आणि कामकऱ्यांचे मत

वाड्याचा मालक एक आणि कारभार पाहणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्याला अपरिचित नाही. मुदत संपली की कारभारी बदलतो; पण वाड्यात राबणाऱ्या माणसांना तो बदल कसा वाटतो, हे कोणी विचारतो काय? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेपुढे २००३ ते २००६ या काळात हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला. त्याचा विचार आज आपण करू.

१९४३ साली ओपेनहायमर यांच्या नेतृत्वाखाली अणुबाँबसाठी ही प्रयोगशाळा उभी राहिली. जमीन, इमारती आणि पैसा सरकारचा. कारभार मात्र कराराने कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे. म्हणजे तेथील शास्त्रज्ञ सरकारचा नव्हे, तर विद्यापीठाचा नोकर. आपले तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र थेट अणुऊर्जा खात्याच्या हाताखाली आहे. तिकडची तऱ्हा निराळी.

साठ वर्षे हा करार स्पर्धेवाचून चालला. पुढे गुप्ततेतील ढिलाई आणि खरेदीतील गैरव्यवहार यांचा बोभाटा झाला, आणि एप्रिल २००३ मध्ये ऊर्जामंत्री एब्रॅहम यांनी कराराची मुदत संपताच स्पर्धा घेण्याचे जाहीर केले. जुलै २००४ मध्ये दोन गुप्त तबकड्या हरवल्याचा संशय आला, आणि एका विद्यार्थिनीच्या डोळ्याला लेसरने इजा झाली. तेव्हा संचालकांनी कामच थांबविले. पुढे चौकशीत निघाले काय, तर त्या तबकड्या मुळी अस्तित्वातच नव्हत्या! त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या तेवढ्या तयार झाल्या होत्या.

कामकऱ्यांत तट पडले ते येथून. एक पक्ष म्हणे, विद्यापीठाची छाया गेली तर प्रयोगशाळेचा कारखाना होईल, आणि वरिष्ठांना न रुचणारे शास्त्रीय मत मोकळेपणी मांडणे अवघड होईल. दुसरा म्हणे, विद्यापीठ नावापुरतेच धनी आहे. शिस्तीची व्यापारी कंपनी आली तर बिघडले कोठे? तिसरा आणि बहुधा सर्वांत मोठा पक्ष निवृत्तिवेतनाच्या काळजीत होता. वीस-पंचवीस वर्षे विद्यापीठाच्या भरवशावर काढलेल्या माणसाने नव्या कंपनीच्या शब्दावर म्हातारपण सोपवावे काय? या काळजीला क्षुद्र म्हणणे आम्हांस पटत नाही. कित्येक अनुभवी मंडळींनी त्या सुमारास निवृत्ती पत्करली, आणि त्यांच्याबरोबर कोठल्याही कागदावर न लिहिलेले ज्ञानही गेले.

लॉकहीड मार्टिन आणि टेक्सास विद्यापीठ एका बाजूस, तर कॅलिफोर्निया विद्यापीठ, बेक्टेल व त्यांचे भागीदार दुसऱ्या बाजूस, असा सामना झाला. २१ डिसेंबर २००५ रोजी दुसऱ्या जोडीचा विजय जाहीर झाला आणि १ जून २००६ पासून तिची नवी कंपनी कारभार पाहू लागली. जुन्या नोकरांना दोन वाटा मिळाल्या : जुनी सेवा बरोबर घेऊन नव्या कंपनीच्या निवृत्तिवेतन योजनेत जावे, किंवा विद्यापीठाकडील हक्क तेथेच ठेवून पुढे बचत योजनेवर भागवावे. नव्याने येणाऱ्यांना मात्र ठरावीक निवृत्तिवेतन उरले नाही. विद्यापीठाचा वार्षिक मोबदला एक कोटी डॉलरांच्या आत असे. नव्या कंपनीला ७ कोटी ९० लाखांपर्यंत मिळण्याची सोय झाली.

मोबदला वाढला म्हणून कारभार सुधारला काय? फेब्रुवारी २०१४ मध्ये लॉस अलामॉसमध्ये चुकीच्या पदार्थासह भरलेले किरणोत्सारी कचऱ्याचे एक पिंप न्यू मेक्सिकोतील भूमिगत कोठारात फुटले, आणि ते कोठार जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले. १ नोव्हेंबर २०१८ पासून कारभार पुन्हा बदलला. या वेळचे तिन्ही भागीदार, बॅटेल, टेक्सास ए अँड एम आणि पुन्हा कॅलिफोर्निया विद्यापीठ, नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्था होत्या.

कामकऱ्यांचे मत प्रत्येक वेळी बरोबरच असते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यातच एकमत नव्हते. परंतु छप्पर कोठे गळते, हे त्याखाली निजणाऱ्यालाच आधी कळते. कारभारी मालकानेच निवडावा; मात्र त्याआधी त्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत, एवढे तरी शहाणपण मालकापाशी असावे.