दिल्लीला वळसा कशाला?

मुळशी तालुक्यातील लवासा हे वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठचे डोंगरी नगर. समजा, तेथे एका संस्थेची शाखा आहे, दुसरी शाखा पुण्यात आणि मुख्य कार्यालय दिल्लीत. आता लवासाहून शेजारच्या पुण्याला पाठवलेला संदेश आधी दिल्लीला जातो, असे सांगितले तर तुम्हाला हसू येईल. पण पुष्कळदा तसेच घडते!

बैलगाडीचे चाक आठवा. मध्ये तुंबा आणि त्यातून निघालेले आरे. शाखांचे संगणक असेच जोडलेले असतात. प्रत्येक शाखेतील राउटर इंटरनेटवरून मुख्य कार्यालयापर्यंत एक 'बोगदा' तयार करतो. हा बोगदा कोणी खणत नाही. मूळ संदेश कूटभाषेत बदलून दुसऱ्या पाकिटात घालायचा, एवढाच त्याचा अर्थ. पाकीट वाटेत कोणी पकडले, तरी मजकूर कळत नाही.

मग सर्व शाखा परस्परांना थेट का जोडू नयेत? महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत एकेक कार्यालय धरा. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडण्यास ३६ × ३५ ÷ २ = ६३० बोगदे लागतील. त्यांपैकी एकाला तुंबा केले, तर ३५ पुरतात.

पण याची किंमत वेळात मोजावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दिल्लीपर्यंतचा तंतू दोन्ही शाखांकडून १,५०० किलोमीटर धरला, तर एकूण ३,००० किलोमीटरला १५ मिलिसेकंद लागतात. थेट वाट १०० किलोमीटर धरली, तर केवळ अर्धा! शिवाय सगळा भार दिल्लीवर पडतो.

यावर युक्ती अशी : प्रत्येक शाखा आपला इंटरनेटवरील पत्ता दिल्लीकडे नोंदवते. पहिला संदेश दिल्लीमार्गेच जातो. तेव्हा दिल्लीचा राउटर लवासाला कळवतो, "याहून जवळची वाट आहे." लवासा पुण्याचा पत्ता विचारते. हा प्रश्न दिल्लीमार्गे पुण्याला पोचतो आणि पुणे आपला पत्ता कळवते. मग दोघे एकमेकांची ओळख पटवून कूटभाषेच्या किल्ल्या ठरवतात आणि थेट बोगदा तयार होतो. काही काळ वापरला नाही, तर तो आपोआप मोडतो. पत्ता नोंदवण्याचे व विचारण्याचे मूळ नियम १९९८ साली 'एनएचआरपी' या नावाने प्रसिद्ध झाले.

म्हणून तुंबा निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. दिल्लीचा संपर्क तुटला, तर तयार बोगदे काही काळ चालतील, पण नवे होणार नाहीत. तुंब्याचे काम फक्त बदलले : हमालाचा तो कारकून झाला.

आता १० कार्यालयांसाठी दोन्ही पद्धतींनी किती बोगदे लागतील, ते तुम्हीच काढून पाहा.