शाफ्टचं माप

गाडी विकून बरीच वर्षं झाली. तरी तिचा विषय निघाला की वडिलांना आठवतो तो २००४ चा उन्हाळा, शाफ्ट शोधण्यात गेलेला.

मागून कापून पिकअप केलेली ती महिंद्राची जुनी जीप. भोंगवलीतून कापूरहोळ, कात्रज करत पहाटे गुलटेकडीचं मार्केट यार्ड गाठायची. त्या वर्षी क्राउन-पिनियन गेलं, मागच्या ॲक्सलचं हौसिंगही वाकलेलं निघालं. पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरं अख्खं हौसिंग आणलं. पाटे, यू-बोल्ट जुळले. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजची भोकं मात्र जुळेनात, आणि शाफ्टची लांबीही चुकत होती.

बाजार बुधवारी आणि रविवारी. आम्ही चार वाऱ्या केल्या. गाडीचं नाव सांगून शाफ्ट मागायचो, तिथंच फसत होतो. कारण हौसिंग बदललं तेव्हाच गाडीचं नाव बिनकामाचं झालं होतं. शेवटी शिरवळचे एक मिस्त्री म्हणाले, "दादा, आधी गाडी जॅकवरनं खाली घ्या. मागं पोती टाका, मग टेप लावू." हौसिंग लोंबकळत असताना घेतलेलं माप फसवं असतं. पाटे दबले की पिनियन वर येतो, त्याचं तोंडही थोडं फिरतं. खाचांच्या स्लीव्हला आत-बाहेर सरकायला जागा उरली पाहिजे.

जुनाच शाफ्ट लेथवर कापून नव्या फ्लँजचं टोक वेल्ड केलं, बॅलन्स करून घेतला. तरी पन्नासच्या पुढं गाडी घुमायची. स्लीव्ह बसवताना खाचा चुकून दोन टोकांचे योक एका रेषेत राहिले नव्हते. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला, कोनात फिरणारा एक क्रॉस दर फेऱ्यात पुढच्या भागाचा वेग दोनदा वाढवतो, दोनदा घटवतो. दुसरा तितक्याच कोनात असला आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले तरच ते फिटतं. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने अभ्यासलेला हा सांधा. १९०३ मध्ये क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी त्याचं पेटंट घेतलं, आणि मुंबईत महिंद्राने जोडलेल्या विलीज जीपच्या शाफ्टचं घराणं तेच. मला हे फार नंतर कळलं. मिस्त्रींच्या हाताला आधीपासून ठाऊक होतं.

क्राउन-पिनियनचे दात मोजायचे मात्र राहिले. जुन्या जोडीत ८ ला ४३, नव्यात ८ ला ३९. त्याच वेगाला शाफ्टचे फेरे नऊ टक्क्यांनी घटले, सपाटीवर इंजिन शांत झालं. पण भरलेली गाडी कात्रजच्या चढाला एक गिअर आधीच खाली मागू लागली.

खाचा पुन्हा चुकू नयेत म्हणून मिस्त्रींनी स्लीव्हवर आणि शाफ्टवर समोरासमोर पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा केल्या होत्या. २०१२ मध्ये गाडी विकली तेव्हा वडिलांनी घेणाऱ्याला आधी खाली वाकायला लावलं आणि त्या खुणा दाखवल्या.